गौरव, कौतुक आणि ऋण : दादासाहेब फाळके यांच्या चित्रकृतींच्या निमित्ताने

१

कलाकृतीविषयी वाटणाऱ्या आदराची चर्चा मराठी समीक्षेत सहसा आस्वादाच्या पोटातच उरकली जाते. जी कृती भावते तिच्याविषयी आदर वाटतो, आणि आदर वाटतो म्हणून तिच्याकडे पुनःपुन्हा वळावेसे वाटते, असा एक साधा क्रम गृहीत धरलेला असतो. कृती समोर आहे, हेही या क्रमात गृहीतच असते. ती समोर नसेल, किंवा तिचे काही तुकडेच शिल्लक असतील, आणि आदर मात्र अखंड असेल, तर त्या आदराचे स्वरूप कोणते? तो नेमका कशाविषयीचा आदर? आणि तो बाळगणाऱ्यावर त्यामुळे कोणते बंधन येते? यांतला शेवटचा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही, तो नीतीचा होतो.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्या बाबतीत हा प्रश्न जितक्या तीव्रतेने उभा राहतो तितका अन्य कोणत्याही भारतीय दिग्दर्शकाच्या बाबतीत क्वचितच राहील. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी त्यांचा जन्म झाला, नाशकातच त्यांचा देह ठेवला गेला, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ मधील चित्रपटानंतर त्याच वर्षी त्यांनी आपली चित्रशाळा मुंबईहून नाशकात हलवली. ‘मोहिनी भस्मासुर’पासून पुढची त्यांची बहुतेक निर्मिती गोदाकाठच्या या गावाशी निगडित आहे. १९१८ मध्ये भागीदारांच्या भांडवलावर स्थापन झालेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही नाशिकचीच. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. भारत सरकारने १९६९ पासून चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावे दिला, १९७१ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले, गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव मिळाले. ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ किंवा ‘चित्रमहर्षी’ ही बिरुदे त्यांच्या नावाला इतकी चिकटलेली आहेत की त्यांवाचून ते नाव उच्चारणे जवळपास अशक्य व्हावे.

आता याच्या शेजारी दुसरी वस्तुस्थिती ठेवावी. फाळके यांच्या कथापटांची संख्या नव्वदीच्या पुढे आणि लघुपटांची पंचविसाच्या आसपास सांगितली जाते. त्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्यांचेच अंश आज उपलब्ध आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे, ‘लंकादहन’चे आणि ‘श्रीकृष्णजन्म’चे त्रोटक भाग, ‘कालियामर्दन’चा त्या मानाने बराच भाग, आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणाऱ्या लघुपटाचा काही अंश, असा काहीसा हा ठेवा. ज्यांचा आदर सारा देश करतो त्यांची कृती देशाने जवळपास पाहिलेलीच नाही. हा विरोधाभास नुसता खेदाने नोंदवून चालणार नाही. त्याची फोड केली पाहिजे.

२

फाळके यांच्याविषयीच्या आदराचा सर्वांत प्रचलित आधार म्हणजे प्रथमत्व. त्यांनी पहिला भारतीय कथापट केला म्हणून ते थोर, अशी ही भूमिका आहे. हा आधार तपासला की त्यात दोन स्वतंत्र अडचणी आढळतात.

पहिली अडचण तथ्यांची आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्येच कुस्तीचे चित्रीकरण केले होते. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दाखवला गेला. ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रगृहात लोकांसमोर आला तो ३ मे १९१३ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभराने. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते, म्हणून त्यास स्वतंत्र चित्रपट मानू नये, असा युक्तिवाद केला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु हा युक्तिवाद स्वीकारताच प्रश्नाचे स्वरूप पालटते. कोण आधी आला, हा प्रश्न मागे पडून चित्रपट कशाला म्हणावे, हा प्रश्न पुढे येतो. म्हणजे प्रथमत्वाचा दावा टिकवण्यासाठीच कृतीच्या गुणाकडे वळावे लागते. कालक्रम स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही.

दुसरी अडचण तत्त्वाची आहे. पहिलेपणा हा कृतीचा गुण नव्हे. ती कृती आणि इतर कृती यांच्यातील तो एक काळविषयक संबंध आहे. उद्या एखाद्या जुन्या पेटीतून १९१० मधील एखादा अज्ञात कथापट निघाला, तर ‘राजा हरिश्चंद्र’मधील एकही चौकट बदलणार नाही. मग आदर बदलावा काय? बदलावा असे म्हटले, तर तो आदर कृतीचा नव्हता, तिच्या क्रमांकाचा होता, हे मान्य करावे लागते. बदलू नये असे म्हटले, तर आदराचा खरा आधार अन्यत्र आहे, हे मान्य करावे लागते.

रा. भा. पाटणकरांच्या विवेचनामुळे मराठी अभ्यासकांना परिचित झालेल्या कांटच्या सौंदर्यमीमांसेत या संदर्भात उपयोगी पडणारा एक भेद आहे. अपेक्षेपलीकडचे काही दिसल्याने जो अचंबा वाटतो तो एक, आणि नवलाई ओसरल्यावरही जो ओसरत नाही तो विस्मय दुसरा. कांटच्या मते खऱ्या अर्थाने थोरवीची जाणीव म्हणता येईल ती दुसऱ्या प्रकारच्या विस्मयातच. पहिलेपणावर आधारलेला आदर या दृष्टीने दुबळा ठरतो, कारण शंभराहून अधिक वर्षांनी पडद्यावर माणसे हलताना पाहून कुणाला अचंबा वाटण्याचे कारण उरलेले नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की ती नवलाई वजा केल्यावर फाळके यांच्या कृतींत काय शिल्लक राहते? गौरवाच्या भाषेत हा प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नसते.

३

आदराचा दुसरा आधार चरित्राचा. १९११ मध्ये गिरगावातील एका चित्रगृहात फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला, आणि त्या पडद्यावर आपले राम-कृष्ण कधी दिसतील, या विचाराने त्यांना घेरले, हे त्यांनी स्वतःच पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत सांगितले. त्यानंतरचा ध्यास, डोळ्यांवर आलेला ताण आणि काही काळ गेलेली दृष्टी, विम्याची पॉलिसी गहाण टाकून उभा केलेला पैसा, १९१२ मधील लंडनची वारी, तिथून आणलेला कॅमेरा, वाटाण्याचे रोप वाढताना एकेक चौकट टिपून केलेला प्रयोग, हे सारे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. जया दडकर यांचे ‘दादासाहेब फाळके : काळ आणि कर्तृत्व’ हे चरित्र आणि परेश मोकाशी यांचा २००९ मधील ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट यांनी ही कथा आपापल्या परीने जिवंत ठेवली.

माणसाच्या चिकाटीविषयी, धाडसाविषयी आणि त्यागाविषयी वाटणारा आदर हा नैतिक आदर आहे आणि तो सर्वस्वी योग्यच आहे. मात्र त्याचे रूपांतर कृतीच्या आदरात आपोआप होत नाही. कष्टाने वाईट कादंबरी लिहिता येते आणि सुखासीन माणसाच्या हातून उत्तम कविता उतरू शकते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला पटवून द्यावे लागत नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा विवेक सैल होतो, कारण साधनांची जुळवाजुळव हाच तेथे कथेचा मोठा भाग होऊन बसतो. कृतीची जागा तिच्या निर्मितीची हकीगत घेते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा अत्यंत प्रसन्न चित्रपट आहे, आणि फाळके यांच्याभोवतीचा चित्रमहर्षीपणाचा जडपणा त्याने हसतखेळत उतरवला, हे त्याचे मोठे काम. तरीही त्याची कथा यशाच्या टप्प्यावर संपते. पुढची पंचवीस-तीस वर्षे, कंपनीतील मतभेद, काशीस निघून जाणे, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिणे, परत येणे, बोलपटाच्या आगमनानंतरची परवड आणि १९३७ मधील ‘गंगावतरण’ हा अखेरचा प्रयत्न, ही सारी वाटचाल तिच्या बाहेर राहते. चरित्रात्मक आदराला आरंभ मानवतो. उत्तरार्ध त्याला अडचणीचा वाटतो.

चरित्रावर उभ्या असलेल्या आदराची आणखी एक मर्यादा नैतिकदृष्ट्या अधिक गंभीर आहे. तो एका माणसावर प्रकाश टाकतो आणि त्याच्याभोवतीच्या अनेकांना अंधारात ढकलतो. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून चित्रीकरण झालेली फिल्म धुण्यापर्यंतची कामे शिकून घेणाऱ्या आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या सरस्वतीबाई फाळके यांना आपण सहचारिणी म्हणतो, सहनिर्मात्या म्हणत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके हे उपाहारगृहात काम करणारे गृहस्थ. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून त्यांना उभे केले गेले, हा किस्सा म्हणून सांगितला जातो. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. देहबोलीच्या या दुहेरी कसबाविषयी मात्र अभिनयाच्या मराठी चर्चेत फारसे काही आढळत नाही. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पार्वती झालेल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झालेल्या त्यांच्या कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी ज्या काळात कॅमेऱ्यासमोर येण्याचे धैर्य दाखवले त्या काळात ते पाऊल किती महाग पडू शकत होते, हे वेगळे सांगावयास नको. त्यागाला आदर द्यावयाचा, तर तो वाटून द्यावा लागतो. एका नावावर साचलेला आदर हा अपुरा असतोच. शिवाय तो इतरांच्या वाट्याचे घेऊन मोठा झालेला असतो.

४

मग उरते ती कृती. येथे एक आक्षेप प्रथमदर्शनीच उपस्थित होईल. जी कृती नष्ट झाली तिचा आदर करता येतो की नाही? साहित्याच्या परंपरेत याचे उत्तर होकारार्थी मिळते. गुणाढ्याची पैशाची भाषेतील ‘बृहत्कथा’ कुणी पाहिलेली नाही. ‘कथासरित्सागर’सारख्या तिच्या रूपांतरांवरून तिची थोरवी मानली जाते. भट्टनायकाचा ‘हृदयदर्पण’ लुप्त आहे, तरी अभिनवगुप्ताने त्याच्याशी घातलेल्या वादामुळे साधारणीकरणाची त्याची कल्पना काव्यशास्त्राच्या केंद्रस्थानी आहे. तेव्हा लोप पावलेल्या ग्रंथाविषयी आदर बाळगणे ही संस्कृत पंडितांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे.

ही उपमा उपयुक्त असली तरी ती ज्या ठिकाणी तुटते तेच ठिकाण महत्त्वाचे आहे. गुणाढ्य आणि भट्टनायक यांच्या कृती हरवल्या तरी त्यांच्याशी झालेला संवाद हरवला नाही. कुणी त्यांचे रूपांतर केले, कुणी त्यांचे खंडन केले. ‘हृदयदर्पण’ची स्मृती राहिली ती अभिनवगुप्ताने भट्टनायकाला वंदन केले म्हणून नव्हे. त्याने त्याला गांभीर्याने विरोध केला, म्हणून ती राहिली. फाळके यांच्या वाट्याला बिरुदे विपुल आली, पण असा विरोधक त्या मानाने उशिरा आणि क्वचितच आला. आशिष राजाध्यक्ष यांनी १९८७ मध्ये फाळके-युगाविषयी लिहिताना परंपरागत रूपबंध आणि आधुनिक तंत्र यांच्यातील संघर्षाचा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा कुठे फाळके यांच्या प्रतिमांकडे प्रतिमा म्हणून पाहण्याची एक गंभीर वाट खुली झाली. समोरून प्रेक्षकाकडे पाहणारी देवता, राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांशी असलेले नाते, स्वदेशीची विचारसरणी आणि तंत्राचे आकर्षण, या प्रश्नांचा माग इंग्रजीतून अधिक आणि मराठीतून कमी घेतला गेला, ही गोष्ट मराठी समीक्षेला भूषणावह नाही.

दुसरा भेद असा, की प्राचीन ग्रंथ कसे हरवले याचा जाब विचारायला कुणी उरलेले नाही. फाळके यांच्या कृती मात्र जवळच्या काळात हरवल्या. त्या काळची नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही आणि नाशवंत होती हे खरे. त्याचबरोबर मूकपटांची बाजारातली किंमत बोलपट येताच संपली, आणि जुनी फिल्म तिच्यातील चांदीसाठी जाळणे अधिक किफायतशीर ठरू लागले, हेही तितकेच खरे. ‘आलम आरा’ १९३१ मध्ये आला. त्यानंतरच्या दशकांत, म्हणजे ज्यांची नावे आणि पत्ते ठाऊक आहेत अशा माणसांच्या डोळ्यांदेखत, हा नाश घडला. त्यात कुणा एकाला दोषी धरण्यात अर्थ नाही, परंतु त्याला दैवयोग म्हणणेही सत्याला धरून नाही. नंतर पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने उरलेले तुकडे चिकाटीने गोळा केले, म्हणून आज बोलायला काही विषय तरी आहे. येथे एक तपशील सूचक आहे : तुकडे जपणारी संस्था फाळके यांच्या नावाच्या पुरस्कारापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे, पण तिचे नाव सामान्य रसिकाला सांगता येत नाही, पुरस्काराचे येते.

जे उरले त्याच्या ओळखीचाही प्रश्न आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जी रिळे दाखवली जातात ती १९१३ मधील नसून फाळके यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकाला यात धक्कादायक वाटण्याजोगे काही नाही. परंतु प्रथमत्वावर जगणाऱ्या गौरवाला हे पचणे अवघड जाते. म्हणून ‘पहिल्या चित्रपटातील दृश्य’ म्हणून ती रिळे निर्धास्तपणे दाखवली जातात. ज्या कृतीचा नायक सत्यासाठी राज्य सोडतो त्या कृतीविषयी बोलताना एवढी सूट घेतली जावी, हा विसंवाद लहान नाही.

५

कृतीकडे पाहावयाचे तर कसे, याचे एक उदाहरण ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये आहे. कथेला सुरुवात होण्याआधी पडद्यावर एक लहान मुलगी दिसते. ती फाळके यांची कन्या मंदाकिनी. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ आहे, आणि ती एकामागून एक निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. नंतर तीच मुलगी बाळकृष्णाच्या वेषात समोर येते आणि पुराणकथा सुरू होते.

हा प्रसंग कथेच्या दृष्टीने अनावश्यक आहे. तो काढून टाकला तरी कृष्णाच्या खोड्यांत किंवा कालियाच्या दमनात काही उणे पडत नाही. तथापि त्याने जे साधले आहे ते विलक्षण आहे. ही कुणाची तरी मुलगी आहे, ती अभिनय करते, आणि आता ती देव होणार आहे, हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकलेले आहे. त्यानंतर पाण्याखालचे झुंज दिसते, तीरावर गोकुळातली माणसे व्याकूळ होऊन उभी असतात, दृश्ये आळीपाळीने येतात, आणि प्रेक्षक गुंततो. गुपित उघड करूनही गुंतवता येते, किंबहुना गुपित उघड केल्यामुळेच गुंतण्याला एक वेगळी जात लाभते, असा काहीसा विश्वास या मांडणीमागे आहे. रामलीलेत शेजारचा मुलगा राम होतो आणि तरी लोक त्याला हात जोडतात. दशावतारात रात्री देव झालेला माणूस सकाळी कोण असतो हे सर्वांना ठाऊक असते. या लोकपरंपरेतील जाण फाळके यांनी यंत्राच्या भाषेत आणली.

‘भ्रम निर्माण करणारा जादूगार’ अशी फाळके यांची जी प्रतिमा आहे ती येथे अपुरी पडते. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपट करणारा, वाटाण्याच्या अंकुराची वाढ चौकटीचौकटीने टिपणारा, आणि देवाचा चेहरा ही आपल्या मुलीच्या चेहऱ्याची एक शक्यता आहे हे आधी दाखवून मग भक्तीला आवाहन करणारा हा दिग्दर्शक जादू करतो आणि जादूची रीतही दाखवतो. विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव. भक्तीच्या आणि विस्मयाच्या सीमेवर फाळके यांचा प्रेक्षक उभा आहे, आणि त्याला त्या सीमेची जाणीव करून दिलेली आहे.

याच ठिकाणी कठोर प्रश्नही विचारले पाहिजेत. ज्या काळात महाराष्ट्रात सत्यशोधक विचाराने पुराणकथांच्या सत्तेवर प्रहार केले होते त्याच काळात हे नवे, प्रभावी यंत्र पुराणांच्याच सेवेला लागले, याचा अर्थ काय? स्वदेशीच्या नावाखाली ‘भारतीय’ म्हणजे काय याची एक विशिष्ट, उच्चवर्णीय संस्कारांतून आलेली प्रतिमा या पडद्याने स्थिर केली काय? मंदाकिनीच्या त्या प्रास्ताविक दृश्यात पुराणाला अंतर्बाह्य मानवी करण्याची जी शक्यता होती ती पुढच्या पौराणिक चित्रपटांच्या लाटेत टिकली की बुजली? हे प्रश्न फाळके यांच्याविषयीच्या आदराच्या विरुद्ध जाणारे नाहीत. ज्या कृतीला असे प्रश्न विचारता येतात तीच कृती आदराला पात्र असते. बिरुदाला प्रश्न विचारता येत नाहीत.

६

आता दोन शब्दांकडे वळता येईल. ‘गौरव’ या शब्दाच्या मुळाशी ‘गुरु’ आहे. गुरु म्हणजे जड. गौरव म्हणजे वजन देणे. ‘कौतुक’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र स्तुती नव्हे, कुतूहल. जुन्या मराठीत कौतुक म्हणजे नवल, लीला, पाहण्याजोगी गोष्ट. कालांतराने या शब्दात लडिवाळपणा आणि प्रशंसा शिरली, आणि आज मुलांचे कौतुक होते, पुरस्कारप्राप्त व्यक्तीचे होते. कुतूहलाचा अंश जवळपास विरून गेला. शब्दांच्या या प्रवासात आदराचेच एक स्थित्यंतर प्रतिबिंबित झालेले दिसते. जो आदर पाहण्याच्या इच्छेपासून सुरू होतो तो हळूहळू पाहण्याची गरजच उरू नये अशा अवस्थेला येतो. ज्याचा गौरव झाला त्याच्याविषयीचे आपले काम झाले, असे वाटू लागते.

गौरवाच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र विचारात घेतला पाहिजे. कुतूहल ही मोजक्यांची गोष्ट आहे. स्मारके, पुरस्कार आणि बिरुदे यांच्यामुळेच एखादे नाव सार्वजनिक स्मृतीत राहते, आणि नाव राहिले तरच कधी काळी कुणी अभ्यासक त्याच्या मागे जातो. सार्वजनिक निधीही गौरवाच्या भाषेलाच दाद देतो. हा युक्तिवाद खोटा नाही. नाशिकच्या शाळेतील एखादी मुलगी पांडवलेण्यांच्या सहलीत फाळके स्मारकात गेली आणि त्या नावाविषयी तिच्या मनात प्रश्न उपजला, तर स्मारकाचे सार्थक झाले. परंतु या युक्तिवादानेच गौरवाची कसोटीही ठरून जाते. गौरव कुतूहलाकडे नेत असेल तर तो साधन म्हणून योग्य. कुतूहलाची जागा घेत असेल तर तो विस्मरणाचा एक सभ्य प्रकार.

७

या संदर्भात परंपरेतील ऋणाची कल्पना पुन्हा तपासण्यासारखी आहे. तैत्तिरीय संहितेत मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे. मुळात ते विधान ब्राह्मणापुरते आहे, पण त्यातील भेद व्यापक उपयोगाचा आहे. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे प्रजेने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने. प्रत्येक ऋणाची फेड निराळी आहे, आणि एकाचे नाणे दुसऱ्याला चालत नाही.

फाळके यांना ‘जनक’ आणि ‘पितामह’ म्हटले की त्यांचे ऋण आपोआप पितृऋण ठरते. मग ते प्रजेने फिटते. दर वर्षी देशात किती चित्रपट निघतात, मराठी चित्रपट कुठवर पोचला, हे अभिमानाने सांगितले की पितरांचे ऋण फिटल्याचे समाधान मिळते. जयंती-पुण्यतिथीला स्मरण केले की श्राद्धही झाले. पित्याचे हस्ताक्षर वाचलेच पाहिजे असे बंधन पुत्रावर नसते. वस्तुतः कलावंताचे ऋण हे ऋषिऋणाच्या जातीचे आहे. तो वंश ठेवून जात नाही, तो एक पाहण्याची रीत ठेवून जातो. ती शिकून घेणे, तपासणे, तिच्याशी वाद घालणे आणि पुढच्याला शिकवणे, हीच त्याची फेड. ‘महर्षी’ हे बिरुद लावूनही ऋषीला द्यावयाचे देणे टाळले गेले, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका विसंवाद म्हणावा लागेल.

हरिश्चंद्राच्या कथेत राजा सारे राज्य विश्वामित्राला देऊन टाकतो, तरीही दक्षिणा देणे उरतेच. राज्यदानाने दक्षिणा फिटत नाही. त्यासाठी त्याला स्वतःला विकावे लागते. कथेतील ही अट निष्ठुर आहे, तरी दान आणि देणे यांतील फरक तिने स्पष्ट करून ठेवला आहे. पुरस्कार आणि स्मारके ही दानाच्या कोटीतली. दात्याला ती मोठेपणा देतात. देणे मात्र शांतपणे, वेळ खर्चून चुकवावे लागते.

हे देणे कोणते, याची यादी लांब नाही. उरलेली रिळे विद्यापीठांच्या वर्गांत एखाद्या ग्रंथासारखी, सावकाश आणि पुन्हापुन्हा पाहिली जावीत. कोणते रीळ कोणत्या वर्षाचे, याविषयीचा संशय लपवला न जाता तोच अभ्यासाचा विषय व्हावा. सरस्वतीबाई, साळुंके, दुर्गाबाई, कमलाबाई, मंदाकिनी यांची नावे तळटीपेतून मजकुरात यावीत. ‘नवयुग’मधील फाळके यांचे लेखन चित्रपटविषयक मराठी विचाराचा आरंभ म्हणून वाचले जावे, आणि त्याचे खंडनही व्हावे. आणि जे हरवले त्याच्याविषयी बोलताना ‘अजरामर’ हा शब्द वापरू नये, कारण तो शब्द हरवण्याची जबाबदारी पुसून टाकतो.

आदर ही भावना असली तरी ती केवळ भावना राहू शकत नाही; ती ज्याच्याविषयी आहे त्याच्याकडे लक्ष देण्याचे वचनही तिच्यात असते. फाळके यांच्या बाबतीत हे वचन पाळण्यास आवश्यक ते साहित्य फार थोडे उरले आहे, एवढे थोडे की ते सारे एका दुपारी पाहून व्हावे. त्या एका दुपारीची सवड काढल्याशिवाय ज्या पिढ्यांनी त्यांना जनक म्हटले, त्यांच्या आदराचे मोल किती धरावे, याचा निर्णय त्या आदराच्या मोठेपणावरून करता येणार नाही.